एक ठोका, बाहेरून

१

विमानाच्या काचा तपासणं हे माझं काम. चौतीस वर्षं केलं. शाळा सातवीपर्यंत. पुढचं सगळं हातांनी शिकलो.

लोकांना वाटतं काच डोळ्यांनी तपासतात. डोळे शेवटी. आधी अंगठी आणि घड्याळ काढून खिशात टाकायचं. मग साबणाचं पाणी घेऊन उघड्या तळव्याने काच धुवायची. फडकं नाही. फडक्यात अडकलेला वाळूचा कण काचेवर रेघ ओढतो आणि आपल्याला पत्ता लागत नाही. हाताला तो कण लगेच कळतो. काच वाळली की दिवा बाजूने धरायचा. समोरच्या उजेडात सगळ्याच काचा चांगल्या दिसतात. रेघ सापडली तर तिच्यावरून नख आडवं फिरवायचं. नख अडकलं की काच बाद.

वयाने निवृत्त झालो तेव्हा साहेबांनी परत बोलावून घेतलं. म्हणाले, असं नख दुसऱ्या कोणाकडे नाही. मला ते आधीच माहीत होतं.

पूर्वी हे काम दोघांचं असे. एक विमानात, एक बाहेर शिडीवर. हँगरमध्ये आवाज इतका की घसा फोडून उपयोग नाही. म्हणून ठोके. आतल्याचं बघून झालं की त्याने बोटाच्या पेराने काचेवर एक ठोका द्यायचा. मग बाहेरच्याने उत्तर द्यायचं. एक ठोका म्हणजे ठीक आहे, पुढे चल. दोन म्हणजे थांब, पुन्हा बघ. हे कुठल्या पुस्तकात नव्हतं. आमच्या आधीच्या लोकांनी आम्हाला दिलं.

मी आतला. बाहेरचा मुक्या. एकवीस वर्षं आमची जोडी. त्याला बोलता येत होतं, पण तो बोलत नसे. त्याची एक सवय होती. नख लावण्याआधी तो काचेवर तोंडाची गरम वाफ सोडायचा. वाफ जिथे धरत नाही तिथे रेघ. शिकलेले साहेब हसायचे. मुक्या वाफ सोडत राहायचा.

नऊ वर्षांपूर्वी एका काचेच्या प्रकरणात त्याचा शिक्का, म्हणजे काच सोडायचा अधिकार, काढून घेतला. पुढे नियमच बदलला. आता एकच माणूस आधी सगळ्या काचा बाहेरून बघतो, शिडी काढून नेतात, मग तोच आतून बघतो. मी एकटा झालो. पण काच झाली की एक ठोका देतोच. हाताची सवय आहे. उत्तर द्यायला कोणी नसतं.

२

त्या मंगळवारी सकाळी एक मोठं विमान हँगरमध्ये उभं होतं. काचा आदल्या दिवशी बाहेरून बघून झाल्या होत्या. हँगरचं दार सताड उघडं, ऊन आत आलेलं. मी आतून डाव्या रांगेने मागे मागे सरकत होतो.

चौदाव्या रांगेची काच झाली. ठोका दिला. बाहेरून एक ठोका आला.

पत्रा तापला की वाजतो. मी पुढच्या काचेवर गेलो. धुतली, बघितली, ठोका दिला. बाहेरून एक.

पत्रा तापून वाजतो तेव्हा तो माझी वाट बघत नाही. मी वाकून खाली पाहिलं. शिडी नाही, माणसाला वर उचलणारा पाळणा नाही, माणूस नाही. खिडकीपासून जमीन दोन पुरुष खाली.

खाली उतरलो. शेजारी दुसऱ्या विमानाचा पत्रा बसवणारे होते. त्यांच्या मुकादमाला विचारलं, "हातोडी चालू आहे का रे तुमची?"

"कुठली हातोडी, काका? हवेचं मशीन सकाळपासून बंद. तासभर नुसता चहा पितोय."

"ठोके कोण देतंय मग?"

"कान दाखवून घ्या एकदा."

"माझे कान तुझ्याच हातोडीने गेलेत. ते दाखवून काय होणार?"

ते हसले. मी परत वर गेलो.

मी घाबरणारा माणूस नाही. एखादी गोष्ट कळत नसेल तर ती तपासायची. पुढच्या काचेवर मी मुद्दाम ठोका दिला नाही. पाच मिनिटं बसून राहिलो. बाहेरून काही नाही. मग दिला. लगेच एक. त्याच्या पुढच्या काचेवर धूळ टिपल्यासारखा हलका ठोका दिला, स्वतःलाही ऐकू येऊ नये असा. बाहेरून एक, तितकाच हलका.

मग मला बाविसावी रांग आठवली. तिथल्या काचेला बाहेरून रेघ होती. आदल्या दिवशी मीच नख लावलं होतं, अडकलं होतं. ती काच बाद करून वहीत लिहून ठेवली होती. मी थेट तिथे गेलो आणि ठोका दिला.

एक. ठीक आहे, पुढे चल.

मला हायसं वाटलं. खरं सांगतो, हसूही आलं. कारण तोपर्यंत माझ्या मनात एकच नाव होतं, आणि तो गेल्या थंडीत वारला होता. पण मुक्याने बाद काचेला कधी एक दिला नाही. एकवीस वर्षांत एकदाही नाही. म्हणजे हे काही असो, मुक्या नव्हता.

उरलेल्या काचा मी बघून टाकल्या. सगळ्यांना एक एक आला. मी लक्ष दिलं नाही.

३

संध्याकाळी घरी बारकी आली होती. बारकी म्हणजे माझी मुलगी. चौतीस वर्षांची आहे, विमान चालवते, कॉकपिटमध्ये उजव्या बाजूला बसते. घरात तिला बारकी म्हटलेलं चालतं, कामावर नाही.

"बाबा, कालपासून हँगरमध्ये आहे ते मोठं विमान तुमच्याकडेच आहे ना?" तिने जेवताना विचारलं. "परवा दुपारी ते बाहेर निघतंय. मी आहे त्याच्यावर."

"पुढच्या काचा राहिल्यात. परवा सकाळी बघेन."

"मग मी निश्चिंत. तुमचा शिक्का असला की डोळे मिटून बसते."

"डोळे उघडे ठेवून बस. त्याच कामाचा पगार आहे तुला."

तिची आई पाठमोरी उभी होती. ती म्हणाली, "कौतुक केलं तर घ्यावं माणसाने. तुमचं काय जातंय?"

"मी कुठे नाही म्हणतोय?"

"चेहरा बघा आरशात. आज काय झालंय? दोनदा मीठ मागितलंत. समोर आहे."

मी मीठ ओढून घेतलं. मग बारकीनेच विषय काढला. "ते तुमचे मुक्याकाका. त्यांच्या घरच्यांना भेटलात का तुम्ही?"

"नाही."

"माती द्यायलाही गेला नव्हतात."

"कामावर होतो."

बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि मग भांड्याकडे. नऊ वर्षांत आमच्या घरात त्या गोष्टीवर याहून जास्त बोलणं झालं नव्हतं. गोष्ट छोटी होती. एका विमानाची उजवी पुढची काच चढत असतानाच तडकली. विमान चाळीस मिनिटांत परत उतरलं. काचेच्या कपच्या एका माणसाच्या हातात घुसल्या, तेवढंच. चौकशी झाली. काच मी आतून आणि मुक्याने बाहेरून बघितली होती. मला विचारलं, बाहेरून काय उत्तर आलं? मी सांगितलं, एक ठोका. ठोक्यांची नोंद कुठे नसते. मुक्याला विचारलं. तो माझ्याकडे बघत राहिला, बोलला नाही. त्याचा शिक्का गेला. पुढे दोन वर्षं तो कोठारात हत्यारं मोजून देत होता. मी हत्यारं घ्यायला दुसऱ्या माणसाला पाठवत असे.

४

गुरुवार सकाळ. विमानाच्या पुढच्या दोन मोठ्या काचा मी उजाडताच बाहेरून बघून घेतल्या. पाणी, तळवा, दिवा, नख. रेघ नाही, टवका नाही. थरांच्या मध्ये बुडबुडा नाही. कडेची धातूची पट्टी घट्ट. शिडी माझ्यासमोर काढून नेली. ती दाराबाहेर गेलेली मी पाहिली.

मग कॉकपिटमध्ये. दोन माणसं अवघडून बसतील एवढी ती खोली. मी उजव्या खुर्चीत बसलो. तिथे बारकी बसते. काच तोंडापासून हातभर. डाव्या काचेचं आधी केलं होतं. ठोका दिला, एक आला, मी पुढे गेलो होतो. आता त्याची सवय झाली होती म्हटलं तरी चालेल.

उजवी काच मी दोनदा बघितली. मुलीची होती म्हणून नाही. मी सगळ्याच तशा बघतो. काही नव्हतं. इतकी स्वच्छ काच वर्षात एखादी हाताखालून जाते.

ठोका दिला.

एक.

मी शिक्का खिशातून काढला. वही मांडीवर होती. पण हात खाली गेला नाही. मी पुन्हा ठोका दिला. का दिला ते तेव्हा कळलं नाही. पुन्हा एक. आणि या वेळी तो मला ओळखीचा वाटला. मुक्या मधल्या बोटाच्या पेराने वाजवायचा, बोट थोडं वाकडं होतं. त्याचा ठोका कोरडा यायचा आणि किंचित घसरायचा. हा घसरला.

बाविसाव्या रांगेत मी चुकलो होतो. मला वाटलं होतं, मुक्या बाद काचेला एक देणार नाही, म्हणजे हा मुक्या नव्हे. पण एक काच होती जिला त्याने एक दिला होता. निदान कागदावर तरी तसंच लिहिलं होतं. मी लिहवलं होतं.

खरं असं. नऊ वर्षांपूर्वी त्या काचेला बाहेरून दोन ठोके आले होते. स्पष्ट. मी आतून पुन्हा बघितली, मला काही दिसलं नाही. मला दिसलं नाही म्हणजे नसणार, असा माझा हिशोब. मी शिक्का मारला. मुक्या शिडीवरून काचेतून माझ्याकडे बघत होता, तोवर मी पुढच्या काचेवर गेलोही होतो. चौकशीत दोन सांगितले असते तर माझा शिक्का गेला असता. मी एक सांगितला.

आता तो एकच देत होता. चांगल्या काचेला एक, बाद काचेला एक. मी त्याच्या तोंडी घातला होता तो.

म्हणजे या काचेला आलेला एक काय होता, ते मला कळायला मार्ग नव्हता.

५

मी शिक्का मारला नाही. अर्ध्या तासाने साहेब वर आले. माझ्या मुलीच्या वयाचे आहेत, माणूस बरा आहे.

"काका, पुढे अडलंय सगळं. काय सापडलं?"

"काही नाही."

"मग?"

"काच सोडत नाही."

"कारण काय लिहू? काकांचं मन धजत नाही, असं लिहू?" ते हसून म्हणाले, पण मागे वळून दाराकडे बघत होते. "विमान थांबवायचं तर काहीतरी दाखवावं लागतं. तुम्हीच शिकवलंत आम्हाला. नख अडकलं पाहिजे."

"नख अडकत नाही."

"तब्येत बरी आहे ना? दुसऱ्या कोणाचा शिक्का घेतो मी. तुम्ही घरी जा, आराम करा. कोणी काही म्हणणार नाही."

म्हणणार होते. म्हातारा संपला म्हणणार होते. हे मला कळत होतं, आणि दुसऱ्या शिक्क्यावर विमान जाणार हेही.

तेवढ्यात बारकी आत आली. गणवेशात, टोपी काखेत. खाली तिचे लोक थांबले होते.

"बाबा, काय चाललंय? खाली सगळे विचारतायत."

"या काचेमागे तू बसणार नाहीस."

"का?"

साहेब आणि ती, दोघं माझ्याकडे बघत होते. चौतीस वर्षांत मला कोणी असं दोनदाच पाहिलंय. मागच्या वेळी टेबलापलीकडे चौकशीचे साहेब होते आणि बाजूला मुक्या.

"वही द्या," मी म्हणालो.

मला लिहायला वेळ लागतो. अक्षर मोठं येतं. मी लिहिलं: नऊ वर्षांपूर्वी उजव्या पुढच्या काचेला बाहेरच्या माणसाने दोन ठोके दिले होते. मी चौकशीत एक सांगितला. चूक माझी होती, त्याची नव्हती. ही काच मी सोडत नाही. खाली सही केली आणि शिक्का मारला, म्हणजे पान कोणाला काढता येणार नाही.

साहेबांनी ते उभ्या उभ्या वाचलं. एकदा, मग परत. बारकीने त्यांच्या खांद्यावरून वाचलं. साहेब वही घेऊन खाली उतरले.

मी काचेवर ठोका दिला.

बराच वेळ काही नाही. इतका वेळ की बारकीने माझ्या दंडाला हात लावला, घरी नेण्यासाठी लावतात तसा.

मग दोन.

तिचा हात तिथेच राहिला.

काचेवर बाहेरच्या अंगाने वाफ धरली. आधी रुपयाएवढी, मग बशीएवढी. गरम तोंडाची वाफ, मधे दाट आणि कडेला विरळ. ती पट्टीच्या बाजूने खाली सरकत गेली, कोणीतरी हळूहळू मान वळवावी तशी. आणि खालच्या कोपऱ्यात, पट्टीला लागून, वाफेत एक रेघ कोरडी राहिली. केसाएवढी. पट्टीच्या आतून येणारी.

"बाबा," बारकी म्हणाली. आवाज शांत होता, विमानात बोलते तसा. "बाहेर शिडी आहे का?"

"नाही."

"मग ते कशावर उभे आहेत?"

वाफेच्या मागे काय होतं ते मी पाहिलं नाही. मी रेघेकडे बघत होतो. तेच माझं काम. वाफ विरली तेव्हा रेघही गेली. मी तिथे नख फिरवलं. अडकलं नाही.

६

बारकीनेही त्या काचेमागे बसायला नकार दिला, म्हणून काच उतरवली. पट्टी काढल्यावर तिच्याखाली तडा निघाला. चार बोटं लांब, कडेतून आत गेलेला. पट्टी काढल्याशिवाय कोणाला दिसला नसता, कोणाच्या नखाला लागला नसता. काचेच्या कारखान्यातला माणूस म्हणाला, वर गेल्यावर गेली असती, या वेळी दोन्ही थर गेले असते.

मुकादम सगळ्यांना सांगत सुटला, काकांच्या बोटांना पट्टीखालचंही कळतं. पूर्वी मी नाही म्हटलं नसतं. या वेळी म्हटलं.

शिक्का मी स्वतः साहेबांच्या टेबलावर ठेवला. ते म्हणाले, जुनी गोष्ट आहे, बघू. मी म्हणालो, बघायचं काही नाही.

मग मुक्याच्या घरी गेलो. त्याची बायको दारात उभी राहिली. मी त्या पानाची नक्कल नेली होती. ती तिच्यासमोर वाचली.

"मला माहीत होतं, भावजी," ती म्हणाली. "त्यांनी त्याच दिवशी सांगितलं होतं."

"मग कोणाकडे बोलला का नाहीत तुम्ही?"

"ते नको म्हणाले. तो स्वतः येऊन सांगेल म्हणाले." तिने कागद घडी करून घेतला. "वाट बघत होते. उशीर केलात."

तिने आत या म्हटलं नाही. मीही गेलो नाही.

रस्त्याने येताना एकच गोष्ट डोक्यात होती. त्या उजव्या काचेला त्याने आधी दोनदा एक दिला होता. तडा त्याला दिसत होता. मी लिहिलं नसतं तर त्याने बारकीला जाऊ दिलं असतं. त्याचा राग नव्हता. मी त्याच्या नावाने जे दिलं होतं, तेच त्याने मला दिलं असतं.

७

मी घरी असतो. बागेत वाफे केलेत. बायको म्हणते, झाडांनासुद्धा तिरप्या उजेडात बघता.

बारकी रविवारी येते. मागच्या रविवारी आई आत गेल्यावर ती म्हणाली, "बाबा, मी बसले की काचेवर एक ठोका देते. प्रत्येक वेळी."

मी बी पेरत होतो. हात थांबला नाही. "उत्तर येतं?"

"येतं."

"किती?"

"एक."

"नेहमी एक?"

"आतापर्यंत एकच." मग म्हणाली, "एक म्हणजे ठीक ना?"

एकवीस वर्षं एक म्हणजे ठीक होतं. त्याच्याइतका भरवशाचा ठोका मी ऐकला नाही. तो मीच बिघडवला. आता मी लिहून दिलंय, सही केलीय, शिक्का दिलाय. त्यातून तो दुरुस्त झाला की नाही हे तपासायला माझ्याकडे नख नाही.

"खाली उतरून बाहेरूनही बघत जा," मी म्हणालो. "हाताने. अंगठी काढून."

"बघते, बाबा."

तिच्या विमानाची वेळ मला माहीत असते. ते आमच्या घरावरून जातं. मी खिडकीशी उभा राहतो, दिसेनासं होईपर्यंत. हात पाठीमागे बांधून ठेवतो. काचेला लावत नाही.